जीपची थरथर

आमच्या डोंगरात सरकार पहिल्यांदा आलं ते जीपमध्ये बसून. त्याआधी सरकार नव्हतं असं नाही, पण ते पायी यायचं. तलाठी काखेत दप्तर मारून यायचा, शिपाई काठी आपटत यायचा. चाकांवरचं सरकार दिसलं ते स्वातंत्र्यानंतर. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या फेरीत ५५ प्रकल्प निघाले, पुढं गट पडले, गटाला विकास अधिकारी आला. लोकांनी त्याला बीडीओ म्हटलं आणि बीडीओबरोबर जीप आली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या, तशा जीपा आणखी वाढल्या. सुधारित बियाणं, देवीची लस, कुटुंब नियोजनाची चित्रं, निवडणुकीचा भोंगा, दुष्काळी कामाचा हजेरीपट, सगळं जीपमधनं उतरलं. आमच्या आजीच्या लेखी एसटी सोडून जी काही चार चाकांवर येई ती जीपगाडीच.

पाटण तालुक्यात तर कोयनेचं धरण. १९५० च्या दशकात काम सुरू झालं आणि खोऱ्यातल्या ज्या वाटांवरनं बैलगाडीही जपून न्यावी लागे, तिथं इंजिनिअरांच्या जीपा धावायला लागल्या. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा आमचे आण्णा पंचवीस वर्षांचे होते. पडलेल्या घरांतली माणसं खाली नेणाऱ्या जीपा त्यांनी पाहिल्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं, की आपल्या दारात काही असायचं तर जीप.

ही गाडी कुठं तयार व्हायची हे मला कळलं ते मुंबईत नोकरीला आल्यावर. मी गोरेगावला राहतो. गोरेगावच्या पुढचं स्टेशन मालाड, त्याच्या पुढचं कांदिवली. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर महिंद्रांचा मोठा कारखाना. या कंपनीचा जन्म २ ऑक्टोबर १९४५ चा आणि नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा पोलादाचा. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अमेरिकेतल्या विलिस कंपनीकडून सुटे भाग आणून आधी माझगावला जीपा जोडल्या गेल्या, आणि पन्नाशीच्या दशकात विलिसशी करार करून एकेक भाग इथंच बनवायला सुरुवात झाली.

उंच बॉनेटची जी जीप जुन्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती सीजे-थ्रीबी. विलिसनं ती १९५३ ला काढली. तिच्या इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही उंचावलं. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली. आपल्याकडं त्यानंतरही ती बनत राहिली.

तसलीच एक जीप आण्णांनी १९८२ ला सरकारी लिलावात घेतली. पेट्रोलची, चारही चाकांना जोर देणारी. वर ताडपत्री. पुढची पस्तीस वर्षं तिनं काय ओढलं नाही? भाताची पोती ओढली, शाळेचे बाक ओढले, नवरा-नवरी ओढली. मधली काही वर्षं तिनं वडापही केलं. मागं दोन्ही बाजूंना सहा-सहा माणसं, पुढं चार, मागच्या पायरीवर दोन. माणसं वाढली तशी मागचे पाटे बसायला लागले, म्हणून आण्णांनी दोन्हीकडं एकेक जादा पाटा घालून घेतला. आणि पावसाळ्यात, ओढ्याला पाणी आलं की वाडीवरनं आजारी माणूस खाली आणायला तीच एक गाडी. वाडीतली किमान दहा-बारा माणसं तरी पोटात असताना त्या जीपमधनं कराडला गेलेली आहेत.

थरथर कधी सुरू झाली ते कुणालाच सांगता येत नाही. आधी नुसतं स्टेअरिंग हातात गुळगुळ करायचं. मग ताशी पन्नासच्या पुढं गेलं आणि चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं, की स्टेअरिंग डावं-उजवं झटके द्यायला लागायचं. पुढची दोन्ही चाकं फडफडायची, दिवे हलायचे, बॉनेट खडखडायचं. वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबायचं नाही. आण्णांना त्याचं विशेष वाटत नव्हतं. आम्हाला गाडी शिकवताना त्यांनी पहिला धडा हाच दिला होता, "आंगठा चाकाच्या आत घालायचा न्हाई. बाहेरनं धर. झटका बसला तर आंगठा मोडतो." जुन्या जीपवर शिकलेल्या प्रत्येकाला हा धडा माहीत असतो.

मधे एकदा एका गॅरेजवाल्यानं स्टेअरिंगला डॅम्पर बसवून दिला. डॅम्पर म्हणजे तेल भरलेली नळी. चाकांच्या झटक्यांना ती आडवी येते आणि त्यांचा जोर पिऊन टाकते. चार महिने गाडी शहाण्यासारखी चालली. मग थरथर परत आली ती दुप्पट होऊन.

२०१८ च्या एप्रिलमध्ये धाकटा भाऊ शेजारच्या सुनेला घेऊन कराडला निघाला होता. तिचे दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या, सोबत तिची सासू. एका पुलावर स्लॅबचा सांधा येतो, तिथं पुढची चाकं आपटली आणि जीप थरथरायला लागली. भावाच्या हातातनं स्टेअरिंग सुटलं. जीप उजवीकडं गेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, तो थांबला म्हणून वाचले. मागनं आलेल्या एका माणसानं त्या बाईला आपल्या गाडीत घेतलं आणि कराडला पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण भाऊ घरी आला आणि किल्ली आण्णांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "आण्णा, आता ह्या गाडीत मी माणूस घालणार न्हाई. भंगारवाल्याला फोन करतो."

भावाचं चूक नव्हतं. आण्णांचंही ऐकण्यासारखं होतं. "जून आला की वड्याला पानी येनार. तवा माणूस कशात घालनार? तुज्या मोटारसायकलवर?" त्यात जीपच्या नोंदणीची मुदत सप्टेंबरात संपत होती. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण करावं लागतं. त्या अवस्थेत ती तपासणीला नेण्यात अर्थ नव्हता. शेवटी ठरलं, की जीप ट्रकवर घालून गोरेगावला आणायची. तिथं माझ्या ओळखीचे एक वयस्क मेस्त्री होते, जुन्या जीपांवर हात बसलेले. त्यांनी होणार नाही म्हटलं तर भंगार. आण्णाही ट्रकमधनंच आले.

मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे पूर्वेला एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड. त्यांनी पहिल्या दिवशी पाना हातात घेतलाच नाही, नुसते प्रश्न विचारले. थरथर वेगाबरोबर हळूहळू वाढते की एकदम सुरू होते? सपाट रस्त्यावर होते की धक्का बसल्यावरच? ब्रेक दाबला की वाढते का? वेग वाढवून पुढं गेलं तर निघून जाते का? आण्णांनी सगळं सांगितलं. मेस्त्री म्हणाले, "अण्णा, नुसतं चाकाचं वजन एका बाजूला असतं तर सपाट रस्त्यावरही हात कापले असते. ही धक्क्यानं जागी होते आणि आपली आपण वाढते. म्हणजे कुठंतरी ढिलाई आहे. एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी."

हे दुखणं आमच्या जीपचं एकटीचं नव्हे. ते मोटारीइतकंच जुनं आहे. बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणा. दोन्ही चाकं एकाच आखावर. डावं चाक धोंड्यावर चढलं की आख कलतो आणि उजवं चाकही कलतं. बैलगाडीत त्याचं काही वाटत नाही, कारण चाक सावकाश फिरतं. पण चाक जोरात फिरायला लागलं, की त्याचा भोवरा होतो. फिरत्या भोवऱ्याला एका अंगाला ढकलून बघा. तो त्या अंगाला पडत नाही, आडव्या दिशेला वळतो. जीपच्या चाकाचं तेच होतं. आख कलला की चाक वळू बघतं, चाक वळलं की आखाला कलवू बघतं. एकाची चूक दुसरा वाढवतो. झोपाळ्याला नेमक्या वेळेला ढकललं की तो चढत जातो, तसा एका ठरावीक वेगाला हा खेळ चढत जातो. सांधे घट्ट असतील तर त्यांच्यातलं घर्षण तो खेळ गिळून टाकतं. सांधे ढिले असतील तर गिळायला कुणी उरत नाही. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक किंवा दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक कधी कधी वेड्यासारखं फडफडतं, ते याच घराण्यातलं.

१९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे जाड, मऊ टायर आले, पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, आणि ही थरथर घराघरातली तक्रार झाली. इंग्रजीत तिला शिमी म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी तिच्यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. रोल्स रॉइसमधून कॅडिलॅकला आलेले मॉरिस ऑली हे त्यातले एक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन चाकांना जोडणारा आखच काढून टाका. प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होऊ दे, म्हणजे एकाचा कल दुसऱ्याला लागणार नाही. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये पुढची चाकं तशी स्वतंत्र झाली आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेनं गेल्या.

मग जीपला १९४० मध्ये पुन्हा आख का? विलिस कंपनीत जीपवर काम करणारे मुख्य इंजिनिअर होते बार्नी रूस. याच रूस यांनी त्याआधी स्टुडबेकर कंपनीत असताना १९३५ च्या गाड्यांसाठी स्वतंत्र चाकांची रचना केली होती. म्हणजे त्यांना हे दुखणं आणि त्यावरचा उपाय दोन्ही माहीत होतं. पण लष्कराला हवी होती हलकी, स्वस्त, भराभर बनणारी, पुढच्या चाकांनाही जोर देणारी आणि रणांगणावर शिपायाला दुरुस्त करता येईल अशी गाडी. त्या हिशेबात आखच बसत होता. महायुद्धात विलिस आणि फोर्ड मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या गेल्या. आखाबरोबर एक अटही आली होती, सांधे घट्ट ठेवायची. लष्कराच्या पुस्तकात ग्रीस कुठं, किती मैलांनी, बेअरिंगला ताण किती, सगळं लिहिलेलं होतं. गाडी पुढं जगभर गेली. पुस्तक प्रत्येक ठिकाणी पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी काम सुरू केलं. त्यांची पद्धत एका वाक्याची होती, "जमिनीकडून हाताकडं यायचं." स्टेअरिंग हातात हलतं म्हणून लोक आधी स्टेअरिंगचा बॉक्स आवळतात. मेस्त्री टायरपासून निघाले.

पुढचे दोन्ही टायर रिमोल्ड. जमिनीवर उभे असताना ठीक दिसत होते. गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं आणि खडूचं टोक टायरजवळ स्थिर धरलं. एका टायरला खडू अर्धाच फेरा लागला, म्हणजे टायर गोल नव्हता. दुसऱ्याची रिम वाकलेली. ओढ्यातल्या धोंड्यांची मेहेरबानी.

मग चाक वर एक हात, खाली एक हात असं धरून हलवलं. खट्‌खट्‌ आवाज आला. आता ही ढिलाई चाकाच्या बेअरिंगची की किंगपिनची? मेस्त्री आण्णांना म्हणाले, "अण्णा, आत बसा आणि ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचं नकल एकजीव होतात. ढिलाई थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. आण्णांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकाची बरीचशी थांबली, डाव्याची तशीच राहिली. म्हणजे डावीकडं किंगपिन.

नंतर चारही चाकं जमिनीवर घेतली, इंजिन बंद. मी आत बसून स्टेअरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवत राहायचं आणि मेस्त्री खाली उताणे झोपून बघायचे. चाकांवर गाडीचा भार असल्याशिवाय काही सांधे ढिलाई दाखवतच नाहीत. या जीपमध्ये स्टेअरिंगचा जोर सरळ चाकाला जात नाही. बॉक्सपासून एक दांडा पुढं येतो, तो मधल्या बेलक्रँकला ढकलतो आणि बेलक्रँक टायरॉडला. खालून मेस्त्रींचा आवाज येत होता, "टायरॉड एंड दोन गेले. बेलक्रँकची सुई-बेअरिंगं संपली. शॅकलचे बुश अंडाकृती. यू-बोल्ट एक ढिला." आण्णा बाहेर स्टुलावर बसून शाळेच्या वहीत एकेक लिहून घेत होते. एकूण अकरा नोंदी झाल्या. त्यातली एकही अशी नव्हती, की तिच्यामुळं गाडी रस्त्याच्या कडेला थांबावी.

डावं नकल उघडलं तेव्हा खरी गंमत दिसली. आत ग्रीस नव्हतंच, ताकासारखा पांढरा चिखल होता. ओढ्याचं पाणी सीलमधनं आत जाऊन ग्रीसमध्ये मिसळलेलं. किंगपिनच्या वर आणि खाली एकेक शंकूच्या आकाराचं बेअरिंग असतं. त्याच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. आमच्या जीपमध्ये कुणीतरी कधीतरी डब्याचा पत्रा कापून शिम केलेली होती. खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरच्या बारीक रेघा उमटलेल्या होत्या. मेस्त्रींनी माझं बोट धरून त्या रेघांवरनं फिरवलं. "गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणून खड्डा पडतो तोही सरळच्याच जागी. हे नुसतं आवळलं तर वळताना अडकेल आणि सरळ चालताना ढिलंच राहील. बदलायलाच पाहिजे."

डॅम्परबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "डॅम्पर वाईट नाही. पण खोकल्याचं औषध घेऊन छातीतला कफ जात नाही. त्यानं चार महिने आवाज दाबला, आणि तोवर सांधे आणखी झिजले."

सुट्या भागांसाठी आम्ही ऑपेरा हाउसच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक. बेअरिंगं, सील, टायरॉड एंड नवे मिळाले. सरळ रिम कुर्ल्यात मिळाली. सगळ्यांत महाग गोष्ट टायरच ठरले, सहाशे-सोळा मापाचे चार. आण्णांचं म्हणणं होतं दोनच घ्यावेत. मेस्त्री म्हणाले, "चारचाकी जोर लावता ना? मग चारही टायर एका उंचीचे पाहिजेत, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडतात."

किंगपिन बसवताना त्यांनी टायरॉड सोडून ठेवला आणि नकलच्या दांड्याला साधा काट्याचा तराजू अडकवून हळू ओढून बघितलं. फार सहज फिरलं की एक शिम काढायची, फार जड झालं की एक पातळ शिम घालायची. पुस्तकात दिलेला ओढ येईपर्यंत हे चाललं. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा दिवस गेला.

मग चाकांचा सरळपणा. पुढची दोन्ही चाकं समोरच्या अंगाला किंचित आत झुकलेली हवीत. जुन्या विलिस जीपच्या पुस्तकात हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच दिलाय, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. त्यासाठी मशीन लागत नाही. दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारायची, चाकाच्या मध्याच्या उंचीवर पुढच्या अंगाला टेपनं अंतर मोजायचं, गाडी अर्धा फेरा पुढं ढकलून त्याच रेघा मागच्या अंगाला आल्या की परत मोजायचं. आण्णांना हे फार पटलं. पेरणीला पाभर लावताना फणांचं अंतर बघणाऱ्या माणसाला त्यात नवल नव्हतं.

शेवटी मेस्त्री जीपपासून वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, हिचं बूड वर का?" वडापच्या वेळचा तो जादा पाटा. माणसं भरलेली असताना गाडी सपाट बसायची, रिकामी झाली की मागून वर. मेस्त्रींनी हिशेब सांगितला. या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच. मागची बाजू दोन इंच उचलली तर सगळी गाडी जवळजवळ दीड अंश पुढं झुकते. किंगपिन वरच्या टोकाला मागं कललेली असते ती अवघी तीन अंश. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते, तेच काम हा कल करतो. त्यातला अर्धा आम्ही पाटा घालून खाऊन टाकला होता. गाडी सरळ धरून ठेवायला कुणी नव्हतं. हा कल फार वाढवला तर उलट थरथर वाढते, म्हणून पत्री घालून वाढवायचा नाही, फक्त मूळ जागी आणायचा. जादा पाटे निघाले. स्टेअरिंगचा बॉक्स सगळ्यात शेवटी, चाकं सरळ ठेवून, अगदी चिमूटभर आवळला. डॅम्पर त्यांनी काढून बाजूला ठेवला. "आधी याच्याशिवाय चालवू. मग लावू."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही निघालो. आधी आरे कॉलनीत. दुधासाठी १९४९ ला वसवलेल्या या कॉलनीत आजही गोठे आहेत, वारली पाडे आहेत, झाडी आहे. खड्डे आणि गतिरोधक तर मागू तेवढे. तिथं तीस-पस्तीसनं सगळे धक्के खाऊन झाले. मग द्रुतगती महामार्ग. त्या वेळेला रस्ता मोकळा असतो. मेस्त्री चालवत होते, आण्णा शेजारी, मी मागं. काटा पन्नासवर गेला, पंचावन्नवर गेला. पुढं उड्डाणपूल, त्याचे सांधे आडवे. आण्णांनी समोरची पट्टी घट्ट धरली. एक सांधा गेला. धडाम झालं आणि संपलं. दुसरा गेला. तिसऱ्याला मेस्त्रींनी स्टेअरिंगवरची पकड सैल करून नुसती बोटं टेकवून ठेवली. आण्णा काहीच बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी मेस्त्रींना विचारलं, "ह्ये आदी का न्हाई झालं?"

मेस्त्री हात पुसत म्हणाले, "प्रत्येक सांधा आपापल्या जागी चालतंय म्हणत होता ना, अण्णा."

मला त्या उत्तराचा फार उपयोग झाला. पस्तीस वर्षांत ती जीप दहा-पंधरा हातांखालनं गेली. ज्यानं डब्याचा पत्रा घातला त्याला पाऊस पडत असताना माणूस दवाखान्यात पोचवायचा होता. ज्यानं ग्रीस पुढं ढकललं त्याला पेरणी गाठायची होती. ज्यानं डॅम्पर लावला त्यानं मागितलं ते दिलं. आण्णांनी पाटा घातला तो माणसं बसावीत म्हणून. कुणाचंच 'चालतंय की' एकेकटं बघितलं तर चुकीचं ठरत नाही. पण पुलाच्या सांध्यावर ती सगळी एकाच वेळी हिशेबाला आली, आणि तेव्हा गाडीत एक बाळंत होणारी बाई होती. कार्यालयाच्या जीपला खात्याचा ड्रायव्हर होता, ग्रीसची नोंद करायला लॉगबुक होतं. तीच जीप लिलावात निघून गावात आली तेव्हा नुसती गाडी आली, लॉगबुक आलं नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून खाली उतरलेल्या कितीतरी गोष्टींचं असंच झालंय. पाण्याचा पंप आला, त्याचं देखभालीचं पान आलं नाही. शाळेची इमारत आली, गळती काढायचा माणूस आला नाही.

जून लागायच्या आधी भाऊ मुंबईला आला. त्यानं स्वतः दोन दिवस जीप चालवून बघितली, खाली झोपून सगळे सांधे मेस्त्रींकडनं समजून घेतले. डॅम्पर परत लावला, पण आता तो पुढ्यातल्या ताटातल्या लोणच्याएवढाच होता. भाऊ जीप रस्त्यानं घेऊन गेला, आण्णा शेजारी बसून. सप्टेंबरात नोंदणीचं नूतनीकरण झालं.

आण्णांची ती शाळेची वही आता जीपच्या कप्प्यात असते. पहिल्या पानावर अकरा नोंदी, प्रत्येकीपुढं टिकमार्क. त्यापुढं तारखा आहेत. ओढा ओलांडला की नकलमधलं ग्रीस बघायचं, दर दिवाळीला आणि होळीला चाक वर-खाली धरून हलवायचं, टायरॉड एंडला हात लावायचा. अक्षर आधी आण्णांचं आहे, मधल्या पानापासून भावाचं. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी वही चाळली. शेवटच्या नोंदीचं अक्षर ओळखू आलं नाही, म्हणून विचारलं. भावाच्या थोरल्या मुलीचं होतं. तिनं लिहिलं होतं, "डावं पुढचं चाक, थोडं हलतंय. बाबा म्हणतात चालतंय. मी मेस्त्रीआजोबांना फोन केला. ते म्हणाले, नाही चालत."